चिमणीवाल्यांची सभा

ती गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने तिला कुठलंसं भारदस्त नाव दिलं होतं. ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. आखूड नाक, गोल दिवे आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी होणारी चिवचिव, यावरून लोक तिला चिमणी म्हणायला लागले आणि तेच नाव कायम झालं. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांना परवडेल अशी गाडी, अशी तिची जाहिरात होती. जाहिरातीत खोटं काहीच नव्हतं. घेताना ती खरोखरच परवडायची, फक्त त्यानंतर ती चालायला हवी असं कोणी कुठे लिहून दिलं नव्हतं.

या चिमणीवाल्यांची एक सभा होती. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानासमोर फरशी घातलेली मोकळी जागा होती, तिथे दर रविवारी सकाळी दहा वाजता ती भरायची. दुकानदाराने विकली न गेलेली दोन बाकं बाहेर सोडून दिली होती, तेवढंच सभागृह. सभेत करायचं एकच, अनुभव वाचायचा. आठवडाभरात आपल्या चिमणीने आपल्याला कुठे कसं तोंडघशी पाडलं ते वहीत लिहून आणायचं आणि उभं राहून वाचून दाखवायचं. वेळ चार मिनिटं. गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायला परवानगी होती, पण तीनदाच. पूर्वी एका सभासदाने पंख्याच्या पट्ट्याचा आवाज सव्वा तास काढला होता, तेव्हापासून हा नियम झाला. कंपनीला शिव्या द्यायला मनाई होती, कारण त्या सगळ्यांच्या सारख्याच असत आणि नवीन काही कळत नसे.

सभासदांना बिघाडावरून नावं पडली होती. अध्यक्ष होते गिअरकाका. त्यांची बेकरी होती आणि त्यांच्या चिमणीला मागे जाता येत नव्हतं. सहा वर्षं ते नुसते पुढे पुढे जात होते. कुठे जायचं असलं की आदल्या दिवशी पायी जाऊन, तिथून पुढून बाहेर पडायला वाट आहे ना, हे बघून यायचे. सख्ख्या भाच्याच्या घरी ते कधी जाऊ शकले नाहीत, कारण त्याची गल्ली पुढे बंद होती. दुसऱ्या क्लचबाई. त्या लाँड्री चालवायच्या. त्यांचा क्लच इतका कडक होता की डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंच जाड झाली होती. हे त्या पुरावा म्हणून सांगत, दाखवत नसत. तिसरे डिकी. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चार वर्षांपूर्वी त्यांची डिकी लागली ती पुन्हा उघडलीच नाही. आत त्यांचे नवे बूट, एक छत्री आणि वाचनालयाचं पुस्तक होतं, आणि पुस्तकाचा शेवट काय झाला असेल यावर ते अधूनमधून सभेत अंदाज मांडायचे. उरलं ते विटेचं जोडपं. त्यांचा हँडब्रेक लागत नसे, म्हणून बायको पिशवीत वीट घेऊन बसायची आणि गाडी थांबायच्या बेतात आली की उडी मारून ती चाकाखाली घालायची. ती माहेरी गेली असताना नवऱ्याला एकदा चढावर थांबावं लागलं, तेव्हा तो ब्रेकवर पाय ठेवून पावणेतीन तास बसला होता.

आणि मग होते निरीक्षक. त्यांना बिघाडावरून नाव पडलं नव्हतं. त्यांची चिमणी कधी बिघडलीच नव्हती.

निरीक्षक म्हणजे वजनकाट्यांचे निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी जाऊन तराजू आणि वजनं तपासली होती. किलोच्या वजनात चार ग्रॅमची खोट असली तर त्यांच्या तळहाताला कळायची. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. कोणी 'दोन मिनिटांत आलो' म्हणालं की ते मनगटावरचं घड्याळ बघत. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्यात फार मोठा सद्गुण होता असं नाही, सराव नव्हता एवढंच. घरात ते आणि थोरले बंधू असे दोघेच राहत. दोघेही बिनलग्नाचे, आणि तो विषय आता संपला असं निरीक्षक धरून चालले होते. पण बंधूंनी सहासष्टाव्या वर्षी लग्न केलं आणि बाडबिस्तरा घेऊन बायकोच्या घरी राहायला गेले. निरीक्षकांनी सामान खाली आणून दिलं, हसतमुखाने हात केला, आणि वर आल्यावर त्यांना घर खायला उठलं.

अशा एका रविवारी ते उगाच गाडी काढून हिंडत होते, तेव्हा फर्निचरच्या दुकानासमोर त्यांना चार चिमण्या ओळीने उभ्या दिसल्या. त्यांनीही आपली शेजारी लावली. बाकावरची माणसं लगेच सरकली, मधे जागा झाली.

"तुमचं काय?" गिअरकाकांनी आपुलकीने विचारलं.

"काही नाही," निरीक्षक म्हणाले.

सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या. "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात," क्लचबाई म्हणाल्या. "जड जातं सांगायला. सावकाश होऊ द्या."

निरीक्षक दर रविवारी जाऊ लागले. दर रविवारी त्यांची पाळी आली की ते उभे राहत, "काही नाही" म्हणत आणि बसत. सुरुवातीला लोक हळहळायचे. मग त्यांना शंका येऊ लागली. मग राग. पाच माणसं आठवडाभर हाल सोसून, वहीत लिहून आणतात, आणि एक माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो, सगळ्यांचं ऐकतो आणि स्वतःचं काही देत नाही, हे किती दिवस चालवून घ्यायचं. खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं.

या दोन वर्षांत दुसरीही एक गोष्ट हळूहळू होत गेली. पटांगणात पाचाच्या चार चिमण्या झाल्या, चाराच्या दोन, आणि शेवटी निरीक्षकांची एकटीच येऊ लागली. बाकीच्या आपापल्या दारात पाय मोडून बसल्या होत्या. तिथेही त्या अनुभव द्यायच्याच. डिकींच्या गाडीचे चारही टायर एकाच दुपारी बसले, गिअरकाकांच्या बॉनेटखाली मांजर व्यायली. अनुभवांना खंड नव्हता, फक्त ते घेऊन सभेला यायला वाहन नव्हतं. तेव्हा निरीक्षक सकाळी नऊला निघायचे, सगळ्यांना घरोघर जाऊन घ्यायचे, सभेला आणायचे आणि सभा झाली की घरोघर सोडायचे. पाच जणांच्या गाडीत सहा माणसं आणि एक वीट. चिमणीने कधी कुरकुर केली नाही, आणि हेच सभासदांच्या मनाला लागायचं.

नियम सातवा असा होता, की सलग दोन वर्षं एकही अनुभव न देणाऱ्या सभासदाचं नाव कमी करावं. ऑगस्टच्या शेवटी दोन वर्षं पुरी होत होती. गिअरकाकांनी तसं पत्र दिलं. ते टपालाने पाठवायचं होतं, पण हाताशीच माणूस होता म्हणून घरी उतरता उतरता खिडकीतून आत दिलं. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "अजून तीन रविवार आहेत. प्रयत्न करा."

निरीक्षकांनी ते पत्र घरी जाऊन चार वेळा वाचलं. रविवार गेला की आठवड्यात उरणार काय, याचा त्यांनी हिशोब मांडून पाहिला. सोमवारी सकाळीच ते मेकॅनिककडे गेले.

"काहीतरी बिघडवून द्या," ते म्हणाले.

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "बिघडवून?"

"लहानसं चालेल. दाराचं हँडल, काचेचं काही. पण खरं बिघडायला हवं. उद्या कोणी तपासलं तर सापडलं पाहिजे."

"काका, वीस वर्षं या धंद्यात आहे. माझ्या हातून गाड्या बिघडल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण मुद्दाम नाही कधी."

तरी माणूस भला होता. निरीक्षकांचा चेहरा बघून तो गाडीखाली गेला. तासाभराने बाहेर आला, केरोसीनने हात धुतले, पुसले आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात तसा हळू आवाजात बोलू लागला. "काही करण्यासारखं नाही. दोन नट ढिले केले, तिसरा करेपर्यंत पहिले दोन परत घट्ट."

"असं कसं होईल?"

"ते मला विचारू नका. मला बायकामुलं आहेत." त्याने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "मी चिमण्यांवर घर बांधलं, काका. हिच्यासारख्या आणखी दहा असत्या तर रस्त्यावर आलो असतो. तुम्ही हिला घेऊन जा."

निरीक्षकांनी स्वतःही हात-पाय मारले. रात्रभर काचा उघड्या ठेवल्या, सकाळी सीट कोरडी आणि आधीपेक्षा स्वच्छ. स्वस्तातलं पेट्रोल भरलं, गाडी दोन किलोमीटर जास्त धावली. खड्ड्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला रस्ता होता, त्यावरून तीनदा नेली. खड्ड्यांमुळे त्यांची कंबर धरली, चिमणीला ढिम्म काही झालं नाही. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं.

पाळी आली तेव्हा ते वही घेऊन उभे राहिले. वही बघूनच बाकावर चुळबुळ झाली. त्यांनी घसा खाकरला आणि वाचलं, "मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मागच्या डाव्या चाकातून आवाज आला."

पटांगणात एकदम उत्साह पसरला. विटेच्या नवऱ्याने टाळी वाजवली. क्लचबाई बाकाच्या कडेला सरकल्या. "बघा, मी म्हणत होते की नाही, येईल म्हणून. कसा आला?"

"म्हणजे?"

"करकर की किरकिर?" डिकींनी पेन सरसावलं. ते सभेचे चिटणीसही होते. "करकर म्हणजे ब्रेकची पट्टी झिजली. किरकिर म्हणजे नुसती धूळ. खरखर असेल तर बेअरिंग."

"घरघर असेल तर मात्र चाक काढावं लागतं," विटेचा नवरा म्हणाला. "खडखड असेल तर चाक नाहीच ते, सायलेन्सरचा पत्रा सुटलाय."

"आणि खुटखुट?" क्लचबाईंनी विचारलं. "आमच्याकडे गेल्या मार्चमध्ये खुटखुट होती. काढून दाखवा ना. तीनदा काढता येतो."

इथवर कोणी विचारेल हे निरीक्षकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऐकलेला आवाज आठवला आणि तो काढला. "घूं… घुटर्र. घूं… घुटर्र. घूं… घुटर्र."

डिकींनी लिहिलं आणि खोडलं. शेवटी विटेची बायको सावकाश म्हणाली, "ते कबुतर आहे."

निरीक्षक उभेच होते.

"आमच्या खिडकीत बसतं ना. तसंच करतं."

"हो," निरीक्षक म्हणाले. "कबुतर आहे." आवाज खरा होता, चाक खोटं होतं. त्यांना सबंध खोटं सुचलंच नव्हतं. ते बसले. बाकाची लाकडी पट्टी करकरली, आणि सवयीने चौघांनी तिकडे बघितलं.

गिअरकाका चिडले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते. "गाडी चांगली असणं मी समजू शकतो," ते म्हणाले. "माणसाच्या हातात नसतं ते. पण इथे उभं राहून खोटा अनुभव? आमचे अनुभव मग काय, कबुतरं आहेत?" नाव कमी करण्याचा ठराव पुढच्या रविवारी मांडायचं ठरलं. मग सगळे उठले, निरीक्षकांच्या गाडीत बसले आणि घरी गेले.

पुढच्या रविवारी निरीक्षक नेहमीसारखे नऊला निघाले. आपल्याला काढून टाकणाऱ्या लोकांना आपणच घेऊन जायचं की नाही, याचा विचार त्यांनी दाढी करताना केला होता. पण नाही नेलं तर त्यांची सभाच भरणार नाही, आणि सभा नसेल तर आपण निघायचं कशातून, असा पेच होता. शिवाय त्यांना शेवटचं एकदा जायचं होतं. हे खरं कारण.

गिअरकाका मान म्हणून पुढच्या सीटवर बसले. बेकरीच्या आवारातून बाहेर काढायला निरीक्षकांनी गाडी मागे घेतली, तेव्हा काकांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले. मागे जाण्याचं ते सुख त्यांना दुसरीकडे कुठे मिळत नसे. गाडी पुढे जाऊ लागल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि खिशातून ठरावाचा कागद काढला.

"'नाव कमी करण्यात येत आहे' की 'खेदपूर्वक कमी करण्यात येत आहे'?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"खेदपूर्वक घाला," मागे दाटीवाटीने बसलेल्यांतून डिकी म्हणाले. "पण मग खेद कोणाला, तेही आलं पाहिजे. नाहीतर वाक्य लटकतं."

"तुम्हाला काय वाटतं?" काकांनी निरीक्षकांना विचारलं.

निरीक्षकांनी सिग्नलला गाडी थांबवली. "खेदपूर्वक असू द्या," ते म्हणाले. "बरं वाटतं ऐकायला."

"जरा काच खाली करता का? विटेची पिशवी मांडीवर आहे, गरम होतंय," क्लचबाई म्हणाल्या, आणि काच चटकन, बिनतक्रार खाली गेली. मागे कोणीतरी सुस्कारा सोडला.

सभेत ठराव वाचला गेला. कोणाची हरकत नव्हती. मात्र जाणाऱ्या सभासदालाही चार मिनिटं मिळायची, तशी ती निरीक्षकांना मिळाली. ते उभे राहिले. या वेळी हातात वही नव्हती. बोलायचं काही ठरवलं नव्हतं, म्हणून त्यांनी जे मोजून माहीत होतं ते सांगितलं.

"सभा झाली की मी तुम्हाला सोडतो. आधी विटेचं घर, मग डिकी, मग काका. शेवटी क्लचबाई. बाईंच्या लाँड्रीपासून माझं घर सहा किलोमीटर तीनशे मीटर. या सहा किलोमीटर तीनशे मीटरमध्ये गाडीत आवाज येत नाही."

"इंजिनाचा?" डिकींनी सवयीने विचारलं.

"इंजिनाचा येतो. तो धरत नाही मी. दुसरा कुठलाच येत नाही. तुम्ही सगळे असता तेव्हा कोणी काच खाली करा म्हणतं, कोणी विटेला शिव्या घालतं, काका गिअरबद्दल बोलतात. मग बाई उतरतात, दार लागतं आणि ते बंद होतं. समोर कोणी नसताना मी दोनदा हॉर्न वाजवून बघितला. मला ते अजिबात आवडत नाही. एकटं वाटतं. तसं वाटायला लागलं की सहा किलोमीटर फार होतात. बाकी गाडी उत्तम आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही."

ते बसले. त्यांना वाटलं, आता हात वर होतील. पण गिअरकाकांनी कागदाची घडी घातली आणि चष्मा लावला.

"किती दिवसांपासून होतंय?"

"दोन वर्षं."

"रोज?"

"रविवारी जास्त. इतर दिवशी आवाज आधीपासूनच नसतो, त्यामुळे बंद झाल्याचं कळत नाही."

"इंजिन गार असताना की गरम?" विटेच्या नवऱ्याने विचारलं.

"गरम."

"काचा वर करून की खाली?"

"दोन्ही करून पाहिलं. रेडिओही लावला. रेडिओ वाजतो, पण ते जात नाही."

"नाही जात," विटेची बायको म्हणाली. "रेडिओने दबतं फक्त." तिने पिशवीतली वीट विनाकारण बाहेर काढली, बघितली आणि परत ठेवली.

डिकी वही उलटीसुलटी करत होते. "घालू कुठे हे? 'आवाज येणे' असा रकाना आहे. 'न येणे' असा नाही."

"नवा आखा," गिअरकाका म्हणाले. मग निरीक्षकांकडे वळून जरा रागानेच बोलले, "दोन वर्षं हे अंगावर काढलंत? बोलला का नाहीत?"

"बिघाड गाडीचा असावा लागतो, असा माझा समज होता."

"गाडीतच होतोय ना?" क्लचबाई म्हणाल्या. "मग झालं तर."

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही, कारण तेही त्यांना येत नव्हतं. पण घोडं एका ठिकाणी अडलंच. कबुतराचं प्रकरण ताजं होतं, आणि एकदा खोटा अनुभव देणाऱ्याचा पुढचा अनुभव तपासल्याशिवाय धरता येत नव्हता. ठराव आठवडाभर पुढे ढकलला. तोवर कोणीतरी त्या सहा किलोमीटरमध्ये गाडीत बसून बिघाड प्रत्यक्ष पाहायचा. लाँड्री शेवटी येत असल्यामुळे ते काम ओघानेच क्लचबाईंकडे आलं.

त्या दिवशी निरीक्षकांनी बाकीच्यांना सोडलं आणि लाँड्री आली तरी क्लचबाई उतरल्या नाहीत. काका उतरल्यावर त्या पुढे येऊन बसल्या होत्या. मांडीवर वही घेऊन त्या कान देऊन बसल्या. पहिला किलोमीटर गेला. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी विचारलं, "इथे होतं का?"

"इथूनच सुरू होतं."

"आता?"

"आता नाही."

त्यांनी लिहिलं. मग वाटेत एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या, तेव्हा त्या चादरी अशा उन्हात घातल्या तर कशा पिवळ्या पडतात हे त्यांनी सांगितलं. निरीक्षकांनी विचारलं, मग कशा घालायच्या. त्याचं उत्तर दीड किलोमीटर पुरलं. निरीक्षकांचं घर आलं तेव्हा दोघंही चपापले.

"नाही आला," क्लचबाई म्हणाल्या.

"नाही आला," निरीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. दोन वर्षं ज्याने छळलं त्याने नेमका आजच दगा दिला होता, आणि आता हेही कबुतरच ठरणार होतं.

"असंच असतं हे. तपासणारा शेजारी बसला की बिघाड दडून बसतो. क्लच दाखवायला मी चार वेळा गेले, चारही वेळा लोण्यासारखा चालला. मेकॅनिकने मलाच वेड्यात काढलं." त्यांनी वही मिटली. "चला, मला सोडा आता परत. दुकान उघडायचंय अजून."

निरीक्षकांनी गाडी वळवली. सहा किलोमीटर तीनशे मीटर परत. तेव्हाही काही झालं नाही. लाँड्रीसमोर क्लचबाई उतरल्या, पण दार लावेनात. दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आता जाताना येणार," त्या म्हणाल्या.

"येणार."

"आणि मी गाडीत नसणार. मग मी तपासायचा कसा?"

बाईंनी थोडा विचार केला. "मला फोन लावा. सीटवर ठेवा, स्पीकर चालू करून. पोचेपर्यंत बंद करायचा नाही."

निरीक्षकांनी फोन लावला. बाईंच्या हातात तो वाजला, त्यांनी उचलला, आणि मग दार लावून दुकानात गेल्या. आपल्या शेजारच्या सीटवर, जिथे त्या बसल्या होत्या तिथे, निरीक्षकांनी फोन ठेवला आणि गाडी काढली.

"आहे का?" फोनमधून आवाज आला.

"अजून नाही. चौक आला." ते गाडी चालवत राहिले. "टाकी आली. आता सुरू होईल."

"मग बोलू नका. ऐकू द्या मला नीट."

निरीक्षक गप्प झाले. आणि तो आला. नेहमीसारखाच, चारही सीटवर पसरून. चादरींची गच्ची मागे गेली. फोनमधून श्वासाचाही आवाज येत नव्हता. सिग्नलला त्यांना वाटलं, फोन बंद पडला असेल. त्यांनी वाकून बघितलं. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. पलीकडे कोणीतरी होतं आणि ते ऐकत होतं. निरीक्षकांनी पुढचा सबंध रस्ता, आवाज खराब होऊ नये म्हणून, खोकलासुद्धा दाबून धरला.

घरासमोर त्यांनी इंजिन बंद केलं. "पोचलो," ते म्हणाले.

"हो."

"आला का ऐकू?"

"आला. चांगला स्पष्ट आला." पलीकडे क्लचबाईंनी वही उघडल्याचा आवाज आला. "नोंद करते मी. खरा आहे म्हणून सही करते."

"आभारी आहे."

"आभार कसले त्यात. ओळखीचाच आहे. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की आमच्याकडेही येतो. गाडीत नाही, म्हणून मी कधी वाचून दाखवला नाही." फोन बंद करावा असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. "उद्या परत लावा फोन," त्या म्हणाल्या. "एकदा ऐकून भागत नाही."

"उद्या रविवार नाही," निरीक्षक म्हणाले.

"बिघाड काय वार बघून होतो?" क्लचबाई म्हणाल्या. "सातला शटर ओढते मी. त्या सुमाराला लावा."